साडूंची बिनधुराची बस

माझ्या साडूंइतका धुराचा वैरी उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. तुम्ही म्हणाल, धूर आवडतो कुणाला? नसेल आवडत. पण तुमच्याआमच्या नाकात धूर गेला की आपण डोळे चोळतो, दोन शिव्या घालतो आणि पुढे चालू लागतो. साडू चालू लागत नसत. ते धुराच्या मुळाशी जात. कर्जतच्या बाजारात एखादा टेंपो काळा धूर ओकत उभा असला की हे त्याच्या मागे जाऊन, कमरेवर हात ठेवून, डॉक्टरनं जीभ बघावी तसे त्याच्या नळकांड्यात बघत आणि मग पुढे येऊन ड्रायव्हरला गंभीरपणे सांगत, "तुझं डिझेल पुरतं जळत नाहीये. अर्धं तू जाळतोस, अर्धं आम्ही खातोय." ड्रायव्हर काय उत्तर देत ते इथं लिहिण्यासारखं नाही. साडूंना त्याचं सोयरसुतक नसे. रसायनीच्या एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी बॉयलरवर काढली होती. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या रंगावरून आत काय बिघडलंय ते हे खाली उभे राहून सांगत. जन्मभर धुराकडे मान वर करून बघणाऱ्या माणसाला निवृत्त झाल्यावर धूर नकोसा झाला, तर ते मी समजू शकतो. पण माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला हा गृहस्थ होम संपेपर्यंत रस्त्याच्या पलीकडे खुर्ची टाकून पाठमोरा बसला होता आणि दर पाच मिनिटांनी "झालं का हो?" म्हणून ओरडून विचारत होता, ते मात्र मी अजून विसरलेलो नाही. भटजींनी शेवटी मंत्र थांबवून मला विचारलं, "हे पाव्हणे तुमच्याकडचे की अग्निशामक दलाचे?"

साडू हे नातंच मोठं गमतीचं. सासऱ्यांनी दोन मुली दोन घरी दिल्या, एवढ्या एका कारणावरून दोन परक्या पुरुषांनी जन्मभर एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करायची. ते कर्जतला, मी खालापूर तालुक्यात, कुंभिवलीहून आत असलेल्या एका लहानशा गावी. त्यांची बायको थोरली, माझी धाकटी. म्हणून मान त्यांचा. थोरलीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. मी शाळामास्तर होतो, म्हणून साडू मला गुरुजी म्हणत. पण त्यांच्या तोंडी त्या शब्दाला असा काही सूर लागे की आपल्यालाच वर्गाबाहेर उभं केलंय असं वाटावं. मीही काही कमी नव्हतो. त्यांच्या माघारी मी त्यांना बॉयलरसाहेब म्हणत असे. दोघी बहिणींचा मात्र एकमेकींवर भारी जीव. रोज दुपारी फोनवर दोघी एकमेकींना भाजी काय केली ते सांगायच्या, आणि तेवढ्यानं भागत नसे म्हणून संध्याकाळी कशी झाली होती तेही सांगायच्या. त्यामुळे आम्हा दोघांना मनासारखं भांडायची सोय कधी मिळाली नाही.

साडूंना अंतराचं वेड होतं. मैलाच्या दगडांवर त्यांचा विश्वास नव्हता. दगड रोवणाऱ्यानं सावली बघून रोवलेत असं त्यांचं मत. माणसांवर तर अजिबातच नव्हता. आमच्या मुलखात कुणालाही वाट विचारा, "हा काय, हितंच हाय" असं उत्तर मिळतं आणि मग माणूस टेकडीमागून टेकडी ओलांडत जातो. ह्यात फसवणूक नसते. आलेला माणूस लांब म्हणून परत फिरू नये, एवढीच त्यामागे माया असते. साडूंना ती माया मान्य नव्हती. त्यांनी आपल्या जुन्या सायकलच्या पुढच्या चाकाला पांढऱ्या रंगाची खूण केली होती, आणि चाकाचे फेरे मोजत हा माणूस कर्जतपासून खालापूरपर्यंतचा सगळा रस्ता, पुन्हा त्यातली वळणं, चढ, उतार, पूल, सगळं मोजून आला. फेरे मोजत असताना कुणी ओळखीचं भेटलं तरी बोलत नसत. नुसता हात वर करून आकडा पुटपुटत पुढे जात. "तुमच्या साडूंना काहीतरी झालंय का हो? जप करत चाल्लेत," असं मला आमच्याच गावातल्या दोघातिघांनी येऊन विचारलं. "माणसाला विचारू नये गुरुजी, चाकाला विचारावं," असं साडू म्हणत. मी म्हणायचो, "चाकाला चहाही द्या मग."

हे सगळं मोजमाप कशासाठी, तर बससाठी. साध्या नव्हे, विजेच्या. खालापूर ते कर्जत, चौकवरून, दिवसाला ठरलेल्या फेऱ्या, धुराची रेघ नाही. मोठ्या शहरांत अशा बसगाड्या आल्या, मग आपल्यासारख्या लहान गावांनी काय पाप केलंय, हा त्यांचा सवाल. "मोठ्या शहरात बस चुकली तर दुसरी असते. आपल्याकडे चुकली तर दिवस चुकतो," असं ते म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. लाल गाडी येईल तेव्हा येई. एरवी माणसं टमटममध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून, तोंडाला पदर नाहीतर रुमाल लावून जात. साडूंच्या वह्यांत ह्या सगळ्यावर उपाय होता. बसनं कुठं थांबायचं, किती मिनिटं थांबायचं, कुठल्या चढाला किती वीज खर्च होईल, सगळं पेन्सिलीनं मांडलेलं. उतारावर ब्रेक लावला की विजेची बस थोडी वीज परत मिळवते, हे तर ते अशा अभिमानानं सांगत की मुलगाच पहिला पगार घेऊन घरी आलाय. आमच्याकडे जेवायला आले की पान वाढून होईतो त्याचा नकाशा झालेला असे. पापड म्हणजे कर्जत, लोणच्याची फोड म्हणजे चौक, भाताची मूद म्हणजे खालापूर. भजी घाट म्हणून आडवी लावलेली. आमची ही आमटी वाढायला आली की "थांब गं, रस्ता वाहून जाईल" म्हणून ओरडत. जेवण गार व्हायचं, पण कर्जत त्यांनी शेवटपर्यंत मोडलं नाही.

बस कुणासाठी आणि कुठल्या वेळी हवी, हे माणसांना विचारल्याशिवाय कळणार कसं? म्हणून साडू वही घेऊन फाट्यांवर बसू लागले. दिसेल त्याला, कुठं निघालात, कशासाठी, परत केव्हा येणार, असं विचारत. लोकांना वाटे, मतदारयादीचा माणूस आहे. काहींना वाटे, कुणाच्या सोयरिकीची चौकशी चाललीय. एकदा मी बरोबर होतो. भाजीची पाटी घेतलेल्या एका बाईनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "मी कुटं बी जाईन, तुला काय करायचं हाय रं?"

"बाई, बस सुरू करायचीय."

"कुटं हाय बस?"

"अजून यायचीय."

"मंग मी बी अजून जायचीय. बस आली का सांग, मंग सांगतंय."

साडूंनी शांतपणे वहीत लिहिलं, 'एक बाई, एक पाटी, ठिकाण बस आल्यावर कळेल.' चौकच्या नाक्यावर एक बेकरीवाले चाचा होते. त्यांनी दुकानापुढची जागा आणि एक बाकडं थांब्यासाठी आपणहून देऊ केलं. साडूंनी आभार मानले आणि लगेच मान वर करून भट्टीच्या धुराड्याकडे बघितलं. चाचा ओळखून म्हणाले, "सायेब, धूर नाय तर पाव नाय. पाव नको असंल तर तसं बोला." साडू वारा कुठल्या बाजूचा आहे ते बघून, बाकडं दोन हात डावीकडे सरकवून, चार पाव घेऊन घरी आले.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, रिकामपणचे उद्योग. मलाही तसंच वाटायचं, आणि मी ते चारचौघांत बोलूनही दाखवायचो. आज त्या बोलण्याची लाज वाटते. कारण त्या बसच्या मुळाशी अक्का होत्या.

अक्कांना गाडी लागते. लागते म्हणजे तुमच्याआमच्यासारखी नव्हे. लग्नात वरातीची मोटार मांडवापासून हलली नाही तोच नव्या नवरीला उतरवून झाडाखाली बसवावं लागलं होतं. पुढची वरात पायी गेली. आलं, लिंबू, ओवा, खिडकीची जागा, देवाचं नाव, सगळं करून झालं. डिझेलचा वास आला की पोटात ढवळायचं, आणि वय वाढलं तशी त्यात दम्याची भर पडली. एकदा माहेरी जाऊन आल्या आणि चार दिवस दवाखान्यात प्राणवायूवर होत्या. डॉक्टरांनी बजावलं, आता प्रवास नाही. अक्कांचं माहेर ते केवढं, कर्जत-चौक रस्त्यावरचं एक गाव. तिथं त्यांचा एकुलता एक भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते दर भाऊबीजेला कर्जतला यायचे. पण मग दादांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, पायरी चढवेना, गाडीत तोल सांभाळेना. भाऊ येऊ शकत नाही, बहीण जाऊ शकत नाही. मध्ये एवढासा रस्ता. फोनवर एकमेकांचे चेहरे बघायचे आणि दोघंही बरं चाललंय म्हणायचे. आमची ही महिन्यातून एकदा दादांकडे जाऊन यायची आणि मग अक्कांना तासभर फोनवर, दादा किती जेवला, काय बोलला, ते सांगायची.

एक दिवस साडूंनी अक्कांना कर्जतमधल्या एका विजेच्या रिक्षात बसवून बाजारातून फिरवून आणलं. अक्कांना काही झालं नाही. उतरल्यावर त्यांनी चक्क भेळ मागितली. साडूंनी मला फोन केला, आणि आवाज असा की मला वाटलं नातू झाला. पण ती रिक्षा गावाबाहेरचा चढ चढायला तयार नव्हती. मग एका पुतण्याची विजेची मोटार आणली. तर त्या शहाण्यानं आत अत्तराची कुपी टांगलेली, काचा बंद, एसी चालू. पहिल्याच वळणावर अक्का उतरल्या. तेव्हा साडूंनी ठरवलं, बसच पाहिजे. उंच, हवेशीर, मोठ्या खिडकीची, पुढची जागा, बिनधुराची. आणि एकट्या बायकोसाठी बस मागायची त्यांना लाज वाटली असावी, म्हणून त्यांनी दोन तालुक्यांसाठी मागितली. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते त्यांच्या नकाशावरून. सगळ्या थांब्यांना काळी टिंबं होती, एका थांब्याला लाल. मी म्हटलं, "इथं काय विशेष?" ते म्हणाले, "काही नाही. पेन्सिल मोडली होती."

वर्षभर अर्ज करून, वह्या दाखवून, शेवटी संबंधित कचेरीतले एक साहेब तयार झाले. एका कंपनीची विजेची लहान बस नमुन्यासाठी एका दिवसापुरती मिळणार होती. साहेब स्वतः बसमधून येणार, आणि जमलं तर अहवाल वर पाठवणार. सकाळी खालापूरहून निघायचं, चौकवरून कर्जतला पोचायचं, तिथं तासभर बस विजेला लावायची आणि अक्कांना पुढच्या जागेवर बसवून परत. बस आधीच चार गावं हिंडून आलेली, बॅटरी काही ताजी नव्हती. पण साडूंनी हिशोब करून पाच किलोमीटरची वीज राखून ठेवली होती. अडीनडीला म्हणून.

आता माझी गोष्ट. मी गावात सांगून बसलो होतो की पहिली विजेची बस मी आणणार. बोलण्याच्या भरात बोललो होतो. पण गावानं फ्लेक्स छापला, त्यावर माझा फोटो, खाली 'गुरुजींचे हार्दिक अभिनंदन'. माघार कशी घेणार? मी साडूंकडे गेलो आणि म्हटलं, बस आधी आमच्या गावात येऊन जाऊ द्या.

"मार्गात नाही," साडू म्हणाले.

"अहो, हायवेपासून आत दीड किलोमीटर. जाऊन येऊन तीन. त्यात काय एवढं?"

"मोजलंय?"

"माझं गाव आहे, साडूभाऊ. मला विचारता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मैलाच्या दगडावर विश्वास न ठेवणारा माणूस. त्यानं पेन्सिल उचलली आणि वहीत दीड लिहिलं. "तुमचा शब्द," एवढंच म्हणाले. आमच्या गावचा रस्ता दीड किलोमीटर नाही, हे मला ठाऊक होतं. किती आहे ते नक्की ठाऊक नव्हतं. पण आम्ही सगळे पाहुण्यांना दीडच सांगतो.

बस आली. पांढरी, छोटीशी, आवाज म्हणून नाही. गावातली कुत्रीसुद्धा गोंधळली. भुंकायचं कशावर तेच त्यांना कळेना. ढोल वाजले, नारळ फुटले, साहेबांना फेटा बांधला. मग सरपंच म्हणाले, "गुरुजी, नवी गाडी देवाला दाखवल्याबगर कुटं नेत्यात काय?" आणि बस देवळाला प्रदक्षिणा घालायला निघाली. एक नाही, तीन. सगळी पोरंसोरं, म्हातारेकोतारे आत. दारं उघडी, एसी चालू. साडू दाराशी उभे राहून घड्याळ बघत मला हळूच म्हणाले, "गुरुजी, देवाला एक फेरी चालणार नाही का?" मी गळ्यातला हार सारखा करत म्हटलं, "लोकांच्या भावना असतात हो." नंतर बायकांनी बसच्या नाकापुढे धुपाटणं धरून तिला ओवाळलं. बिनधुराच्या बसला आमच्या गावानं धुरानं ओवाळलं, आणि साडू तो सगळा धूर खात, खोकत, हात जोडून उभे होते. मला ते त्या वेळी फार मजेशीर वाटलं होतं.

चौक सोडून बस कर्जतच्या रस्त्याला लागली. दादांच्या गावाशी दादांना खुर्चीत बसवून रस्त्याच्या कडेला आणून ठेवलं होतं. धुवट सदरा, डोक्याला टोपी. डाव्या हातानं त्यांनी बसला नमस्कार केला. साडू उतरले, खाली वाकून म्हणाले, "दादा, दोन तास. घेऊन येतो तिला." दादांना नीट बोलता येत नव्हतं. त्यांनी साडूंचा हात धरून ठेवला, तो सुटता सुटेना. मग आम्ही निघालो. पुढे चढ लागला आणि ड्रायव्हर म्हणाला, "अंकल, कछुआ आ गया." बॅटरी संपत आली की समोर कासवाचं चित्र लागतं म्हणे. साडूंनी वही काढली. बोट ठेवून ठेवून आकडे बघू लागले. बस खरोखरच कासवासारखी चालली आणि चढाच्या ऐन मध्यावर थांबली. कर्जत सात किलोमीटर राहिलं होतं. साहेब पंधरा मिनिटं थांबले, मग मागून आलेल्या एका टेंपोत फेट्यासकट बसून निघून गेले. साडू वहीतून डोकं वर काढेनात. "कुठं गेली वीज?" एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होते. "सगळं धरलं होतं मी. कुठं गेली?" मी शेजारी उभा होतो. गळ्यातला हार मी काढून ठेवला.

चढावर फोन लागेना, टमटमही थांबेना, चालतच आम्ही कर्जतला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. अक्का थांब्यावर साडेनऊपासून उभ्या होत्या. नवी साडी, केसात अबोलीचा गजरा, हातात डबा. दादांना आवडतात म्हणून खांडवी केली होती. पोटात काही असलं तर त्रास होईल म्हणून आदल्या दुपारपासून त्या जेवल्या नव्हत्या. शेजारपाजारच्या बायका त्यांना पोचवायला आल्या होत्या, त्या एकेक करून घरी गेल्या होत्या. साडू त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "असू दे. चला घरी. तुम्ही किती दमलात." तिकडे दादांना संध्याकाळपर्यंत खुर्चीतून आत न्यायला कुणाला जमलं नाही. ते डाव्या हातानं नको नको करत होते.

बस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी जायची होती, ती ओढून नेली. पंधरा दिवसांनी कचेरीतून पत्र आलं, बस वाटेत बंद पडण्याचं कारण लेखी कळवा. साडूंनी एका ओळीत उत्तर दिलं, 'मार्गाचे अंतर धरताना माझी चूक झाली.' मला ते पत्र त्यांनी दाखवलं आणि मी, तुम्हाला खोटं वाटेल, पण मी त्यातली शुद्धलेखनाची एक चूक काढली. अहवालात आलं की योजनेतले आकडे विश्वासार्ह नाहीत. फाइल बंद झाली. साडूंनी वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. टेंपोच्या मागं जाऊन बघणं बंद झालं. जेवायला आले की वाढलेलं निमूट जेवायचे, पापडासकट.

पावसाळा सरता सरता दादा गेले. अक्का मोटारीनं गेल्या. कुणी अडवू शकलं नाही. वाटेत चारदा गाडी थांबवावी लागली. पोचल्या तेव्हा दोघींनी धरून उतरवलं. श्वास पुरत नव्हता, डोळे उघडत नव्हते. भावाचा चेहरासुद्धा त्यांना धड बघता आला नाही. रडायला ताकद लागते, तीही नव्हती. आमची ही दोघा भावंडांच्या मध्ये बसून एका हातानं अक्कांची पाठ चोळत होती. मी अंगणात उभा होतो. तिथून रस्ता दिसत होता.

त्यानंतर दोन महिने मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी एका सकाळी उठून कर्जतला गेलो. साडू पडवीत शेंगा निवडत बसले होते. मी बसलो, आणि कसलीही प्रस्तावना न करता सांगून टाकलं, की आमच्या गावचा रस्ता दीड किलोमीटर नाही, मी खोटं सांगितलं होतं, तुमच्या आकड्यांत चूक नव्हती.

साडूंनी शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. म्हणाले, "चार किलोमीटर दोनशे मीटर."

त्यांनी दुसरी शेंग उचलली.

"बस बंद पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सायकल घेऊन जाऊन आलो. राखलेली पाच तिथंच संपली, उरलेली प्रदक्षिणांनी आणि एसीनं खाल्ली. तुमच्या गावातलं कुणी बघितलं नाही. उन्हाची वेळ होती."

"मग तुम्ही लिहिलंत कसं की चूक माझी? खरं कारण लिहिलं असतंत तर बस पुन्हा मिळाली असती. निदान दुसरी संधी..."

"मिळाली असती, कदाचित," साडू म्हणाले. "पण कागद कर्जतभर झाला असता. हिच्या कानावर गेलं असतं की धाकटीच्या नवऱ्यानं असं केलं. हिला माहेरची माणसं दोनच, गुरुजी. एकाशी भेट व्हावी म्हणून दुसरं तोडू?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो. तेवढ्यात अक्का आतून चहा घेऊन आल्या. मला बघून त्यांना बरं वाटलं. म्हणाल्या, "एकटेच आलात? तिला नाही आणलंत? आता तीच काय ती राहिलीय मला." साडू वाटीत बघत राहिले. मी चहा प्यालो.

घरी येऊन हिला सांगायचं ठरवलं होतं. दारात ही फोनवर अक्कांशी बोलत हसत होती, ते बघून धीर झाला नाही. पुढेही झाला नाही. साडूंनी बसचा नाद असा एकाएकी कसा सोडला, असं ही मला अजून विचारते. वय झालं त्यांचं, असं मी सांगतो.